वळीवडे, गांधीनगर, कोयना : निर्वासितांना मदत मिळते, पण पुढे काय?

येरळाकाठ

वळीवड्याच्या पोलिश छावणीची बातमी आपल्याकडे अधूनमधून येत असते. पोलंडहून कोणी मंत्री येतो, कोल्हापूरच्या महावीर उद्यानातल्या स्तंभाला फुलं वाहिली जातात, छावणीत लहानपण काढलेली एखादी आजी खुर्चीत बसून डोळे पुसते. ऑगस्ट 2024 मध्ये पंतप्रधान वॉर्सात गेले तेव्हा त्यांनी तिथल्या कोल्हापूर स्मारकाला अभिवादन केलं, तेव्हाही सांगली-साताऱ्यातल्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ते फोटो फिरले. कोल्हापूरने पाच हजारांच्या आसपास पोलिश लोकांना आसरा दिला हे खरं आहे, अभिमान वाटावा असंच आहे. पण या बातम्यांत दोन गोष्टी कधीच येत नाहीत. त्या पाच हजार माणसांचा पाच वर्षांचा खर्च कोणी केला? आणि 1948 साली छावणी उठली तेव्हा ती माणसं गेली कुठे? सांगलीत इतिहास शिकवताना मुलं हेच दोन प्रश्न विचारतात, म्हणून हा धागा.

आधी थोडक्यात हकिकत. सप्टेंबर 1939 मध्ये हिटलर पश्चिमेकडून आणि स्टालिन पूर्वेकडून पोलंडमध्ये घुसला. पूर्व भागातल्या लाखो लोकांना 1940-41 मध्ये सोव्हिएत पोलिसांनी रात्रीतून उचललं आणि मालगाडीच्या डब्यांत कोंबून सायबेरिया, कझाकस्तानात नेलं. जून 1941 मध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला केला तेव्हा चित्र पालटलं. 30 जुलै 1941 ला लंडनमधलं परागंदा पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात करार झाला आणि हे लोक 'सुटले'. जनरल अँडर्सच्या हाताखाली पोलिश फौज उभी राहू लागली आणि 1942 मध्ये ती फौज व तिच्यामागे बायका-मुलं-म्हातारे कॅस्पियन ओलांडून इराणात उतरले. फौज पुढे लढायला गेली. उरलेल्यांचं काय करायचं, हा प्रश्न तिथून सुरू झाला. काही आफ्रिकेत टांगानिका-युगांडाच्या छावण्यांत गेले, काही मेक्सिकोला, सातशेवर मुलं न्यूझीलंडला. हिंदुस्थानात जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला मुलांची सोय केली, आणि मोठी छावणी झाली ती कोल्हापूर संस्थानात, मिरज-कोल्हापूर रेल्वेमार्गावर वळीवड्याला, 1943 च्या उन्हाळ्यात. क्षयाची बाधा असलेल्या मुलांसाठी आपल्या सातारा जिल्ह्यात पाचगणीला वेगळं आरोग्यकेंद्र होतं.

आता पैसा. जमीन आणि परवानगी इथली. छावणीचा रोजचा खर्च मात्र मुख्यतः लंडनमधलं पोलिश सरकार करत होतं, आणि त्या सरकारकडे स्वतःचा देशच नसल्यामुळे तो पैसा ब्रिटिशांनी दिलेल्या कर्जातला होता. बालाचडीच्या मुलांसाठी संस्थानिकांनी आणि इथल्या दात्यांनी वर्गणी काढली. म्हणजे आज ज्याला आपण परकीय मदत म्हणतो ती तेव्हा उलटसुलट वाहत होती. गुलामीतला देश आसरा देतोय, देश हरवलेलं सरकार खर्च करतंय, आणि उसने पैसे साम्राज्याचे.

मग 5 जुलै 1945 ला ब्रिटन आणि अमेरिकेने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि वॉर्सातल्या नव्या सरकारला दिली. वळीवड्यातल्या माणसाच्या नजरेने बघा. सकाळी उठून तुम्हाला कळतं की ज्या सरकारच्या भरवशावर आपली शाळा, दवाखाना, भत्ता चालू होता ते सरकार आता जगाच्या लेखी नाही. घर होतं ते गाव सोव्हिएत हद्दीत गेलंय. खर्चाचा भार आधी ब्रिटिशांनी उचलला, पुढे 'अनरा' या संयुक्त राष्ट्रांच्या मदत संस्थेने. आणि जो तो एकच विचारत होता : आता जायचं कुठे?

निर्वासितांसाठी आजही तीनच वाटा सांगतात : मायदेशी परतणं, आहे तिथेच रुजणं, किंवा तिसऱ्या देशात जाणं. वळीवड्यातल्या लोकांपैकी थोडे पोलंडला परतले. मोजके इथेच राहिले, काहींनी इथे लग्नंही केली. बहुतेकांना तिसरा देश शोधावा लागला. ज्यांचा बाप, नवरा, भाऊ अँडर्सच्या फौजेत होता त्यांना ब्रिटनने घेतलं, त्यासाठी 1947 मध्ये खास कायदा केला. बाकीचे आफ्रिकेतल्या छावण्या, ऑस्ट्रेलिया, अमेरिका असे पांगले. नातं फौजेतलं असेल तर दार उघडं, नसेल तर रांगेत उभं राहा.

माझं म्हणणं एवढंच आहे की आसरा देणं हे कामाचं पहिलं पाऊल असतं आणि कौतुक तिथेच संपतं. खरं पुनर्वसन कागदावर, कामावर आणि 'पुढे कुठे' याच्या उत्तरावर ठरतं. आज सीरिया, युक्रेन, रोहिंग्या, सुदान सगळीकडे तेच दिसतंय. तुमच्या घरी-गावी याच्याशी जोडलेलं काही असेल तर लिहा. पुस्तकी माहिती मी देऊ शकते, बाकीची तुमच्याकडे आहे.

गणपती_पेठ

छान लिहिलंय मॅडम. एक गोष्ट राहिली. पोलिश लोक गेले तेव्हा त्या बराकी रिकाम्या राहिल्या नाहीत. त्यात फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित आले, आणि त्याचंच झालं गांधीनगर. आमचा कापडाचा धंदा, वडिलांपासून होलसेल खरेदी गांधीनगरलाच. सांगली, मिरज, जत, पार कराडपर्यंतचे लोक लग्नाचा बस्ता बांधायला तिथे जातात. त्यातल्या किती जणांना माहीत आहे की आपण एका छावणीत उभे आहोत?

आमच्या ओळखीच्या एका जुन्या पेढीवर शेठजींचे वडील होते, आता नाहीत. ते सांगायचे, आलो तेव्हा भिंती चटयांच्या होत्या, वर मंगलोरी कौलं. एका खोलीत दोन-दोन कुटुंबं. त्यांनी डोक्यावर गठ्ठा घेऊन आसपासच्या बाजारगावांना कापड विकायला सुरुवात केली. वडगाव, इचलकरंजी, जयसिंगपूर. उधारीवर माल मिळायचा तो केवळ शब्दावर. त्यांच्याकडे एक पत्र्याची पेटी होती, तिच्यात 'क्लेम'चे कागद. सिंधमध्ये सोडून आलेल्या घराचे. ती पेटी गादीच्या मागे असायची, गिऱ्हाईक नसलं की काढून बघायचे. क्लेमचे पैसे मिळाले ते घराच्या किमतीच्या मानाने थोडे होते म्हणायचे, पण मिळाले. सरकारने कायदा केला होता.

मला यात फरक दिसतो तो असा. पोलिश लोकांना परदेशी पैसा होता, पण इथे राहायचं नव्हतं. सिंध्यांना परदेशी पैसा नव्हता, पण परतायची वाट बंद होती, म्हणून ते आल्या दिवसापासून नागरिकासारखे धंद्याला लागले. त्याच बराकी, त्याच विहिरी. एक छावणी राहिली, दुसऱ्याचं शहर झालं.

येरळाकाठ

@गणपती_पेठ, तुम्ही जे मांडलंत ते मला पुस्तकात सापडलं नसतं. क्लेमचा कायदा 1954 चा. त्यात पाकिस्तानात गेलेल्यांची इथली मालमत्ता एकत्र करून तिच्यातून भरपाई द्यायची अशी योजना होती. आणि हो, सगळ्यात महत्त्वाचं : फाळणीचे निर्वासित इथले नागरिक झाले, मतदार झाले. पोलिश माणूस मात्र कायम 'पाहुणा'. पाहुण्याला जेवण मिळतं, दुकानाचा परवाना मिळत नाही.

पाचगणीवाला

पाचगणीबद्दल थोडी भर. हवा कोरडी आणि उंचीवरची म्हणून क्षयरोग्यांसाठी इथे आधीपासूनच सॅनेटोरियम होती. औषध नव्हतंच तेव्हा, स्ट्रेप्टोमायसिन पुढे आलं. हवा, दूध, अंडी, विश्रांती हाच उपचार. सायबेरियात उपाशी राहिलेल्या पोरांना तेच हवं होतं. काही पोलिश मुली इथल्या कॉन्व्हेंटमध्ये शिकल्या. जुनी माणसं सांगायची की बाजारात पोलिश बायका यायच्या आणि भाजीवाल्यांना त्यांचे आकडे पाठ झाले होते.

स्पष्टपणे_बोलतो

राग मानू नका, पण दुसरी बाजू मांडणं गरजेचं आहे. 1943 म्हणजे कोणतं साल? बंगालमध्ये दुष्काळात लाखो माणसं मेली ते साल. आपल्या सातारा-सांगलीत प्रतिसरकारची धामधूम. 24 जुलै 1943 ला वसंतदादांनी सांगलीचा तुरुंग फोडला, त्यांना गोळी लागली. म्हणजे इथली तरणी पोरं भूमिगत, त्यांच्या घरांवर पोलिसांचे छापे, आणि त्याच महिन्यांत पन्नास किलोमीटरवर तेच इंग्रज सरकार गोऱ्या निर्वासितांसाठी शाळा, दवाखाना, सिनेमाची सोय करतंय. त्या पोलिश बायका-मुलांशी माझं भांडण नाही, त्यांनी भोगलं ते खरं. पण 'आपण आसरा दिला' म्हणताना आपल्याला कोणी विचारलं होतं का, हेही लिहा.

येरळाकाठ

@स्पष्टपणे_बोलतो, राग कसला, हे लिहायलाच हवं होतं आणि तुम्ही माझ्यापेक्षा नेमकं लिहिलंत. अजून एक जोडते. 'अनरा' नोव्हेंबर 1943 मध्ये स्थापन झाली, चव्वेचाळीस देशांनी सह्या केल्या, त्यात हिंदुस्थान होता. वर्गणीही भरली. पण त्याच हिंदुस्थानातल्या बंगालच्या भुकेल्यांना अनराकडून मदत मिळाली नाही. ती संस्था शत्रूच्या ताब्यातून सुटलेल्या प्रदेशांसाठी होती, दुष्काळ त्या व्याख्येत बसवला गेला नाही. बंगालचे मृत्यू तीस लाखांच्या घरात मानले जातात. मदत कोणाला पोहोचते हे गरजेवर कमी आणि व्याख्येवर जास्त ठरतं. वर्गात हे सांगताना आजही माझा आवाज चढतो.

तरीही मला वाटतं, हा अन्याय पोलिश मुलांच्या ताटातला नव्हता. तो दिल्ली आणि लंडनच्या टेबलावरचा होता.

मिरज_जंक्शन

मी टपाल खात्यातून निवृत्त. 1971 ची आठवण सांगतो, कारण तेव्हा मदत वरून खाली न येता खालून वर गेली.

पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी लोक आपल्याकडे आले. त्यांच्या खर्चासाठी 15 नोव्हेंबर 1971 पासून पत्रावर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं जादा तिकीट लावणं सक्तीचं झालं. सुरुवातीला वेगळी तिकिटं छापून झाली नव्हती म्हणून कुटुंब नियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावरच 'रेफ्युजी रिलीफ' असा शिक्का मारलेला असायचा. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलेला, खिडकीवर. शाई ओली असली की तिकिटावरचा शिक्का बोटाला लागायचा आणि तेच बोट पुढच्या लिफाफ्यावर. एक म्हातारी सोलापूर बाजूला दिलेल्या मुलीला पत्र टाकायला यायची. पाच पैसे जास्त कशाला म्हणून तिने विचारलं. मी सांगितलं, तिकडे बंगालात माणसं घर सोडून आलीत, त्यांच्या जेवणासाठी. तिने कनवटीचं नाणं काढलं आणि म्हणाली, मग पाच पैशांत काय होतंय, दहाचं लाव की. नियमात बसत नव्हतं, तिला परत पाठवावं लागलं नाण्यासकट.

हा कर 1973 च्या मार्चअखेरपर्यंत चालला, म्हणजे निर्वासित परत गेल्यानंतरही वर्षभर. परदेशांतून मदत आली, पण खर्चाच्या मानाने अपुरी. मुख्य भार आपल्याच तिजोरीवर पडला. आणि आपल्या सरकारने सुरुवातीपासून एक गोष्ट धरून ठेवली : हे लोक परत जातील. डिसेंबरात बांगलादेश मोकळा झाला आणि काही महिन्यांत बहुतेक सगळे गेले. घर मोकळं झालं की माणूस थांबत नाही.

वाचक_विटा

वाचतोय. असे धागे यावेत.

कृष्णामाई_१९

मी क्वचितच लिहिते. माझी मुलगी युक्रेनमध्ये एमबीबीएस करत होती. फेब्रुवारी 2022. तिचं कॉलेज पश्चिमेकडच्या भागात, म्हणून त्यांनी पोलंडची सीमा गाठायचं ठरवलं. शेवटचा टप्पा पायी, बर्फात, बॅगा टाकून देत. शेहिनी-मेडिका नाक्यावर खूप गर्दी. फोनची बॅटरी वाचवायची म्हणून ती फक्त एक शब्द पाठवायची, 'आहे'. मी इथे मिरजेत त्या एका शब्दावर रात्र काढायची.

पोलंडने भारतीय मुलांना व्हिसाशिवाय आत घेतलं. पलीकडे गेल्यावर एका बाईने तिला सूप दिलं आणि मोजे दिले, लोकरीचे, स्वतःच्या पिशवीतले. नंतर आपल्या सरकारने ऑपरेशन गंगाच्या विमानाने आणलं. तेव्हा मला वळीवडे माहीत नव्हतं. कोणीतरी टीव्हीवर म्हणालं, पोलंड जुनं ऋण फेडतंय. मला ते तसं वाटत नाही. त्या बाईला कोल्हापूर कुठे आहे हेही ठाऊक नसेल. तिने समोर थंडीत उभी पोर बघितली, बस.

पण मुलगी परत आल्यावर दुसरा खेळ सुरू झाला. तिसऱ्या वर्षाची पोर, शिक्षण अर्धवट, इथे प्रवेश नाही, तिकडे युद्ध. कोणत्या कार्यालयात जायचं तेच कळेना, सगळीकडे 'वरून आदेश आला की सांगतो'. शेवटी दुसऱ्या देशात बदली घेऊन पूर्ण केलं. आम्ही निर्वासित नव्हतो, आमचं घर होतं, देश होता. तरी त्या काळात मला कळलं की माणूस वाचवणं आणि माणसाला मार्गी लावणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याला विमान लागतं. दुसऱ्याला कोणीतरी टेबलामागे बसून तुमचा कागद वाचावा लागतो.

येरळाकाठ

@कृष्णामाई, तुमची मुलगी आता मार्गी लागली हे वाचून बरं वाटलं. तुमच्या शेवटच्या वाक्यावर पोलंडचंच उदाहरण देते. 12 मार्च 2022 ला, म्हणजे युद्ध सुरू होऊन महिनाही झाला नव्हता, पोलंडने युक्रेनी निर्वासितांसाठी खास कायदा केला. स्थानिक कार्यालयात जाऊन बोटांचे ठसे दिले की 'पेसेल' क्रमांक, आपल्या आधारसारखा. त्या क्रमांकावर नोकरी, शाळा, दवाखाना, मुलांचा भत्ता. युरोपीय संघानेही 2001 पासून नुसता पडून असलेला तात्पुरत्या संरक्षणाचा नियम 4 मार्चला पहिल्यांदा लागू केला. एकेकाचा अर्ज वर्षानुवर्षं तपासत बसायची गरज उरली नाही. लाखो लोक छावणीत न जाता कामाला लागले, कर भरू लागले.

सीरियन लोकांसाठी 2015 मध्ये हाच नियम वापरता आला असता. वापरला नाही.

जतकर

मी जॉर्डनमध्ये एका मदत संस्थेत काम केलंय, हिशेब आणि पुरवठा विभागात. सीरियन निर्वासितांच्या झातारी छावणीबद्दल लिहितो, कारण 'परदेशी मदत' म्हणजे नक्की काय हे लांबून कळत नाही.

झातारी जुलै 2012 मध्ये वाळवंटात तंबू ठोकून सुरू झाली. वर्षभरात लाखावर माणसं. सुरुवातीला शिजवलेलं अन्न, मग कोरडा शिधा, मग कार्ड, आणि 2016 पासून डोळ्यांनी खरेदी. म्हणजे छावणीतल्या सुपरमार्केटात बाई सामान घेऊन काउंटरवर येते, एका छोट्या यंत्रात डोळा लावते, बुबुळावरून ओळख पटते आणि खात्यातून पैसे वजा. पावतीवर शिल्लक येते. मी बघितलेली एक आजी पावती घेतली की आधी शिल्लक वाचायची, मग टोपलीतलं एक काहीतरी परत ठेवायची. बहुतेक वेळा साखर.

2023 मध्ये पैसा आटला आणि छावणीतली माणशी मासिक रक्कम 32 डॉलरवरून 21 वर आली. बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या रोहिंग्यांचंही त्याच वर्षी 12 वरून 10 आणि मग 8 डॉलर झालं. महिन्याचे, एका माणसाचे. रोहिंग्यांचं पुढे परत वाढवलं, पण त्या मधल्या महिन्यांत लेकरांचं जे व्हायचं ते झालं.

असं का होतं? कारण या सगळ्या यंत्रणा ऐच्छिक वर्गणीवर चालतात. दर वर्षी आवाहन काढायचं, देश परिषदेत आकडे जाहीर करतात, जाहीर केलेलं सगळं येत नाही, आलेल्यातलं बरंच अमुकच देशासाठी, अमुकच कामासाठी बांधलेलं असतं. निर्वासित मात्र दहा-पंधरा वर्षं तिथेच. वर्षाच्या बजेटवर पिढी वाढवायची. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने परकीय मदत थांबवली आणि निर्वासितांना घेण्याचा कार्यक्रमही थांबवला. जुलैत त्यांची मदत संस्था यूएसएड बंद होऊन परराष्ट्र खात्यात विलीन झाली. ज्यांची मुलाखत, वैद्यकीय तपासणी, तिकीट सगळं झालं होतं अशी कुटुंबं सामान बांधून बसलेली तशीच राहिली.

आणि एक आकडा सगळ्यांनी लक्षात ठेवावा. जगातल्या निर्वासितांपैकी तिसऱ्या देशात वसवले जाणारे वर्षाला एक टक्काही नसतात. बहुसंख्य शेजारच्याच देशात राहतात, आणि तो शेजारी बहुधा स्वतःच गरीब असतो. 'सगळे निर्वासित श्रीमंत देशांत घुसतायत' हे चित्र चूक आहे.

स्पष्टपणे_बोलतो

@जतकर, माहिती उत्तम. पण मग जॉर्डनच्या स्थानिक लोकांचं काय? त्यांचं पाणी, त्यांचं भाडं, त्यांची मजुरी? आपल्या जतमध्ये उन्हाळ्यात टँकर आला की काय होतं तुम्हाला सांगायला नको.

जतकर

जत आठवायचंच तिथे. जॉर्डन जगातल्या सगळ्यात कमी पाणी असलेल्या देशांपैकी. छावणीत सुरुवातीला पाणी टँकरनेच यायचं. शेजारच्या मफ्रक गावात भाडी वाढली, शाळा दोन पाळ्यांत भरू लागल्या. लोक चिडले, आणि त्यांचं चुकत नव्हतं. म्हणून फेब्रुवारी 2016 च्या लंडन परिषदेत वेगळा सौदा झाला : जॉर्डनने सीरियन लोकांना कामाचे परवाने द्यायचे, बदल्यात अनुदान, स्वस्त कर्ज आणि युरोपच्या बाजारात मालाला सवलत. कारखान्यांबद्दलच्या अपेक्षा पूर्ण झाल्या नाहीत. शेती आणि बांधकामात मात्र परवाने बरेच निघाले. मजूर चोरून काम करत होता तो उघड करू लागला, मुकादमाला त्याची मजुरी बुडवणं अवघड झालं. माझ्या अनुभवात मदतीचा पैसा स्थानिक गावाच्या पाइपलाइनवरही खर्च झाला तर गाव निर्वासिताला सहन करतं, नाहीतर नाही.

शिवसागर

सगळ्यांचं वाचलं. आता माझं वाचा.

आमचं मूळ गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या पाण्याखाली. आजोबांना उठवलं तेव्हा पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. महाराष्ट्रात तो 1976 साली आला, धरण त्याच्या आधी बारा-तेरा वर्षं उभं. कोणाला सोलापूरकडे, कोणाला सांगली जिल्ह्यात, कोणाला रायगड-ठाण्याकडे पाठवलं. भात पिकवणाऱ्या माणसाला कुसळाच्या माळावर. काही तर डोंगरावर वर सरकले आणि तिथे पुढे अभयारण्य आलं. धरणाला जागतिक बँकेचं कर्ज होतं. म्हणजे परकीय पैसा आमच्याही खोऱ्यात आला होता, फक्त तो काँक्रीट आणि टर्बाइनपर्यंत पोहोचला. आमच्या घरापर्यंत नाही.

आमच्या घरी एक फाइल आहे. आजोबांनी सुरू केली, वडिलांनी वाढवली, आता माझ्याकडे. सातबाऱ्याच्या नकला, संपादनाची नोटीस, मोर्चाचं निवेदन, त्यावर पोच, पुन्हा निवेदन, पुन्हा पोच. श्रमिक मुक्ती दलाच्या आंदोलनात आम्ही किती वेळा रस्त्यावर बसलो ते पाटण-कोयनानगरच्या लोकांना विचारा. पर्यायी जमिनीचा विषय तिसऱ्या पिढीतही चालू आहे.

मला निर्वासितांबद्दल राग नाही. उलट त्या आजीने साखर परत ठेवली ते वाचून मला आमची आजी दिसली. पण वळीवड्याचं स्मारक होतं, मंत्री येतात. आमच्या बुडालेल्या गावांचं उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचं शिखर दिसतं, लोक रील करायला येतात. आमच्याबद्दल 'प्रकल्पग्रस्त' लिहितात आणि पुढे जातात. तुमच्या तीन वाटांपैकी आम्हाला कोणती? परत जायला गाव नाही. आहे तिथे जमीन नावावर नाही. तिसरा देश तर नाहीच.

गणपती_पेठ

+१ शिवसागर. यावर बोलायलाच हवं.

येरळाकाठ

@शिवसागर, तुमच्या प्रश्नाला बगल देणार नाही. कायद्याच्या भाषेत निर्वासित म्हणजे छळाच्या भीतीने ज्याने देशाची सीमा ओलांडली तो. सीमेच्या आत उखडला गेलेल्यासाठी सगळ्या जगाला लागू असा करारच नाही, त्याची जबाबदारी त्याच्याच सरकारवर, आणि उठवलंही त्याच सरकारने. त्यामुळे दाद मागायची तर ज्याने उठवलं त्याच्याकडेच. वळीवड्याच्या पोलिश माणसामागे निदान तीन सरकारं आणि एक जागतिक संस्था भांडत होती. कोयनेच्या माणसामागे त्याची स्वतःची फाइल.

आणि भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. तिबेटींना एक वागणूक, श्रीलंकेच्या तमिळांना दुसरी, रोहिंग्यांना तिसरी. दर हिवाळ्यात सांगली-साताऱ्यात स्वेटर विकायला येणारी तिबेटी कुटुंबं आपण सगळ्यांनी बघितलीत. त्यांतल्या अनेकांचा जन्म इथला, मुंडगोडसारख्या वसाहतींतला, आणि तरी खिशात नोंदणीचं प्रमाणपत्र आणि त्याच्या नूतनीकरणाची तारीख. माणसं चांगली वागतात, यंत्रणाही पुष्कळदा चांगली वागते, पण ती मर्जी असते. मर्जी बदलली की काय, याचं उत्तर त्यांच्याकडे नाही आणि आपल्याकडेही नाही.

मला वळीवड्याचं कौतुक कमी करायचं नाही. स्मारकं असू देत. मुलांना तिथे न्यावं, गांधीनगर दाखवावं, आणि त्याच सहलीत कोयनानगरलाही न्यावं. तिन्ही ठिकाणी एकच विचारावं : इथून उठलेल्या किंवा इथे आलेल्या माणसाच्या नावावर शेवटी काय झालं?

मिरज_जंक्शन

मॅडम, सहलीचं खरंच करा. वळीवडे स्टेशन अजून आहे, मिरजेहून पॅसेंजरने जाता येतं. मुलांना रुळाच्या बाजूने दाखवता येईल की माणसं कुठे उतरली.

जतकर

@शिवसागर, एक व्यवहाराची गोष्ट. जॉर्डनमध्ये आम्ही पहिलं काम करायचो ते कागदांचं. जन्मनोंद, लग्ननोंद, घराचे उतारे, मिळेल ते स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवायचं. सीरियात डिसेंबर 2024 मध्ये असदची सत्ता गेली आणि लोक परत जाऊ लागले, तेव्हा घरावर हक्क सांगायला ज्यांच्याकडे कागद होते त्यांचं म्हणणं निदान ऐकलं गेलं. तुमची फाइल आधी स्कॅन करा. मूळ प्रत कोणत्याही टेबलावर सोडू नका.

शिवसागर

स्कॅन नाही केलेली. वडिलांच्या हस्ताक्षरातली काही पानं आता पुसट झालीत, करायलाच हवं. आमच्या वसाहतीतल्या अजून बऱ्याच घरांत अशा फायली आहेत. कोणाला यातली माहिती असेल तर सांगा, कराडात किंवा साताऱ्यात एका ठिकाणी सगळ्यांच्या करता येतील का?

कृष्णामाई_१९

माझी मुलगी सध्या घरी आहे, परीक्षेची तयारी करतेय. शनिवार-रविवार ती आणि तिच्या दोन मैत्रिणी कराडला येऊन स्कॅनिंग करून देतील, स्कॅनर आमच्याकडे आहे. तुम्ही जागा आणि घरांची यादी बघा, मी व्यक्तिगत निरोप पाठवते.